कन्सोल जुना झाला की स्वस्त व्हायचा, ते दिवस गेले

आधी जरा किमती बघू, ग्राफिक्सचं नंतर. पीएस २, म्हणजे सोनीचा प्लेस्टेशन २, अमेरिकेत २००० साली आला तेव्हा २९९ डॉलरचा होता आणि २००९ मध्ये तोच ९९ डॉलरला मिळायला लागला. पीएस ३ २००६ ला आला, वरचं मॉडेल ५९९ डॉलर, लोकांनी नुसती बोंबाबोंब केली, पण तीन वर्षांत स्लिम, म्हणजे त्याचंच बारीक मॉडेल, आला तो २९९ ला. पीएस ४ ची सुरुवात ३९९, स्लिम आला २०१६ मध्ये, परत २९९. म्हणजे नियम ठरलेला, थोडं थांबायचं आणि मग घ्यायचा. आता पीएस ५ बघा. डिस्कवाला २०२० मध्ये ५०० डॉलरचा होता, जवळपास पाच वर्षं जुना झाला आणि ऑगस्ट २०२५ मध्ये ५५० चा झाला. मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स सिरीज एक्सने तर कहरच केला, तोही ५०० चाच होता, मे २०२५ मध्ये ६०० आणि ऑक्टोबरमध्ये ६५०. आपल्याकडे पीएस ५ फेब्रुवारी २०२१ मध्ये ४९,९९० ला आला आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये ५४,९९० झाला. उलटी गंगा वाहायला लागलीये राव.

आता कोणी म्हणेल की हे ट्रम्पच्या टॅरिफमुळे. अमेरिकेपुरता त्याचा हात आहेच, नाही असं नाही, पण सोनीने युरोप, जपान वगैरे ठिकाणी २०२२ मध्येच भाव वाढवले होते, तेव्हा कुठे होता टॅरिफ. मूळ दुखणं वेगळंच आहे, आणि माझं म्हणणं असं आहे की पुढच्या कन्सोलचं चित्र कसं दिसणार हे टेराफ्लॉपवर, म्हणजे चिपच्या ताकदीच्या आकड्यावर, नाही, ह्या दुखण्यावर ठरणार आहे. यूट्यूबवर 'पीएस ६ असा दिसेल' टाइपचे व्हिडिओ येतात, त्यात निळे लाइट मारलेलं डबडं फिरत असतं, त्यातल्या एकातही कोणी ह्याबद्दल बोलत नाही, म्हणून म्हटलं आपणच लिहू.

पूर्वी कन्सोल स्वस्त कसा व्हायचा? कंपनीला आपली दया यायची म्हणून नाही. चिप लहान व्हायची म्हणून. पीएस २ मध्ये सुरुवातीला सीपीयू (मुख्य प्रोसेसर) वेगळा आणि ग्राफिक्सची चिप (जीपीयू) वेगळी होती, नंतर ९० नॅनोमीटरवर (हा आकडा जेवढा कमी तेवढे चिपचे भाग बारीक) दोन्ही मिळून एकच चिप झाली. चिप लहान म्हणजे एका वेफरमधून (सिलिकॉनची चकती, जिच्यातून चिप कापतात) जास्त नग निघतात, वीज कमी लागते, मग पॉवर सप्लाय लहान, पंखा लहान, खोकं लहान, जहाजाच्या कंटेनरमध्ये जास्त खोकी मावतात, सगळीकडूनच पैसे वाचतात. पीएस ३ चा सेल प्रोसेसर ९० वरून ६५, मग ४५ वर आला. पीएस ४ २८ वरून १६ वर. आणि पीएस ५ ७ नॅनोमीटरवरून २०२२ मध्ये ६ वर आला. बस. हे ६ म्हणजे खरं तर ७ चाच चुलतभाऊ, नवं काही नाही. त्याच्या पुढच्या प्रोसेसवर जायचं तर टीएसएमसी ह्या चिप बनवून देणाऱ्या तैवानच्या कंपनीच्या वेफरचा भाव इतका वाढलाय की चिप लहान होऊनही स्वस्त होत नाही. त्यात एसरॅम, म्हणजे चिपच्या आतली छोटी फास्ट मेमरी, ती तर ५ नॅनोमीटरवरून ३ वर जाताना जवळजवळ लहानच झाली नाही. ग्राफिक्स चिपमध्ये कॅश, म्हणजे हीच मेमरी, भरपूर टाकून स्पीड मिळवायचा हा एएमडीचा (पीएस ५ आणि एक्सबॉक्सच्या चिप ह्याच कंपनीच्या) अलीकडचा खेळ, आणि नेमका तोच भाग आकसायला तयार नाही!

रॅमचं तर मला सगळ्यात जास्त आश्चर्य वाटतं. पीएस २ मध्ये मेन रॅम ३२ एमबी होती. पीएस ३ मध्ये सगळी मिळून ५१२ एमबी, म्हणजे १६ पट. पीएस ४ मध्ये ८ जीबी, परत १६ पट. पीएस ५ मध्ये १६ जीबी. फक्त दुप्पट. हे कोणी ओरडून सांगितलं नाही, कारण त्याच वेळी एसएसडी, म्हणजे गेम साठवायचं फास्ट स्टोरेज, आला आणि सगळ्यांचं लक्ष तिकडे गेलं, आणि एसएसडी खरंच भारी होता यात वाद नाही, सेकंदाला साडेपाच जीबी वाचतो, लोडिंग स्क्रीनवर मोबाइल बघायची सवयच गेली आमची. पण तो एसएसडी तिथे होता कशासाठी? रॅम परवडत नव्हती, म्हणून लागेल तेवढं सामान लागेल तेव्हा पटकन आत आणायचं आणि नको ते लगेच बाहेर काढायचं. ज्यांनी रॅममध्ये काटकसर केली त्यांचं काय झालं ते एक्सबॉक्सच्या स्वस्तातल्या सिरीज एसवर दिसलंच, १० जीबीच रॅम, बाल्डर्स गेट ३ हा गेम त्याच्यावर आला तो स्प्लिट स्क्रीन (एकाच टीव्हीवर दोघांनी खेळायची सोय) काढून, आणि त्या भानगडीत एक्सबॉक्सवाल्यांना पीएस ५ वाल्यांपेक्षा तीन महिने जास्त थांबावं लागलं.

आणि आता एआयवाले आलेत. डेटा सेंटरला मेमरी पाहिजे, पाहिजे तेवढ्या पैशांत पाहिजे, आणि मेमरी बनवणाऱ्या मोठ्या कंपन्या जगात तीनच, सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन. त्यातल्या मायक्रॉनने डिसेंबर २०२५ मध्ये सांगून टाकलं की क्रुशियल हा आपला घरगुती गिऱ्हाइकांचा धंदाच बंद करतोय. ज्यांनी पीसीसाठी क्रुशियलच्या रॅम घेतल्यात त्यांना कळेल हे किती मोठं आहे ते. दुकानात बसायची गरजच नाही, ठोक गिऱ्हाईक दाराशी उभं आहे. मग पुढच्या कन्सोलमध्ये रॅम किती टाकायची हा प्रश्न इंजिनिअरपेक्षा खरेदी खात्याचाच जास्त होणार.

मग करायचं काय? तर अंदाज. म्हणजे चित्र पूर्ण काढायचंच नाही, थोडं काढायचं आणि बाकीचं मशीनला ओळखायला लावायचं. ४के म्हणजे ३८४० गुणिले २१६०, जवळपास ८३ लाख पिक्सेल, आणि १०८०पी म्हणजे जेमतेम २१ लाख, चौथा हिस्सा. गेम आतल्या आत १०८०पी वर चालवला तर जीपीयूचं पिक्सेलचं काम साधारण पाव होतं आणि उरलेलं अपस्केलर, म्हणजे लहान चित्र मोठं करणारा एआय, भरतो. ठिपक्यांची रांगोळी येणारी बाई कशी, चार ठिपके दिसले की पुढची रेघ कुठे वळणार हे तिच्या हातालाच माहीत असतं, तसं हे अपस्केलरचं मॉडेल हजारो चित्रं बघून तयार झालेलं असतं आणि शिवाय मागच्या काही फ्रेममध्ये (एकामागून एक येणाऱ्या चित्रांमध्ये) काय होतं तेही त्याच्या हाताशी असतं. एनव्हिडियाने डीएलएसएस हे आपलं अपस्केलर २०१८ मध्ये आणलं तेव्हा ते लोण्यासारखं गुळगुळीत आणि भुरकट दिसायचं, लोकांनी टर उडवली, आज तेच निन्टेन्डोच्या स्विच २ मध्ये आहे आणि त्याच्या जोरावर एवढंसं हातात धरायचं मशीन सायबरपंकसारखा गेम चालवतंय. सोनीने पीएस ५ प्रो मध्ये स्वतःचं पीएसएसआर हे अपस्केलर आणलं. प्रो मध्ये कंप्यूट युनिट (जीपीयूतले गणित करणारे गट) ३६ वरून ६० झाली, कागदावर १०.२८ टेराफ्लॉपवरून १६.७, आणि सोनीनेच सांगितलेला खरा फरक किती, तर रेंडरिंग ४५ टक्के फास्ट. आणि २०२४ मध्ये आला तेव्हा किंमत ७०० डॉलर, डिस्क ड्राइव्ह वेगळा, स्टँड वेगळा. म्हणजे ताकदीच्या जोरावर पुढे जायचा भाव काय आहे ते ह्या एका मशीनने दाखवून दिलं.

टेराफ्लॉपचा विषय निघालाच आहे तर तेही सांगून टाकतो, कारण ह्यावरून २०२० मध्ये ग्रुपवर अक्षरशः मैत्र्या तुटल्यात. तो आकडा कोणी मोजत नाही, तो गुणाकार आहे. पीएस ५ ची ३६ युनिट, प्रत्येकात ६४ शेडर (एकेक गणित करणारे छोटे भाग), प्रत्येक ठोक्याला दोन गणितं, आणि ठोके सेकंदाला २.२३ अब्ज. गुणा, १०.२८ येतं. सिरीज एक्सची ५२ युनिट आणि ठोके १.८२५ अब्ज, ते १२.१५ येतं. झालं. आता प्रत्यक्षात दोन्हीवर तोच गेम लावला की बहुतेक वेळा उन्नीस-बीसचा फरक, कधी हा पुढे कधी तो. कारण शेडर रिकामे बसलेत का कामात आहेत, मेमरीतून माल वेळेवर येतोय का, हे त्या गुणाकारात कुठेच नाही.

आता पीएस ६ बद्दल जे अधिकृतपणे बाहेर आलंय ते थोडंसंच आहे पण मजेशीर आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये सोनीचा कन्सोल डिझाइन करणारा मार्क सर्नी आणि एएमडीचा जॅक हुइन असे दोघं एका व्हिडिओत बसले, प्रोजेक्ट ॲमेथिस्ट नावाने दोन्ही कंपन्यांचं जे एकत्र काम चाललंय त्याबद्दल बोलले. तीन गोष्टी सांगितल्या. न्यूरल ॲरे, म्हणजे जीपीयूतली सुटी सुटी युनिट एआयच्या कामासाठी एकमेकांना जोडून एकच मोठं इंजिन असल्यासारखी चालवायची, जेणेकरून अपस्केलरला स्क्रीनचा मोठा तुकडा एकदम घेता येईल. रेडियन्स कोर, म्हणजे रे ट्रेसिंगसाठी (उजेडाचा किरण कुठे जाऊन आपटतो ह्याचं खरं गणित करायचं) वेगळा विभागच, किरण कुठे आपटतो हे शोधायचं काम शेडरच्या गळ्यात मारायचं नाही. आणि युनिव्हर्सल कॉम्प्रेशन, म्हणजे मेमरीकडे जाणारी येणारी प्रत्येक गोष्ट दाबून पाठवायची, नुसती टेक्स्चरच (वस्तूंवर चढवायची चित्रं) नाही. सर्नीने हेही सांगितलं की हे सगळं अजून फक्त सिम्युलेशनमध्येच आहे आणि काही वर्षांनी येणाऱ्या कन्सोलमध्ये आणायचा विचार आहे. नीट बघितलं तर तिन्हीतलं एकही 'अजून जास्त ताकद' नाहीये. एक अंदाज सुधारायचा उपाय, एक काम वाटून द्यायचा, आणि तिसरा सरळ सरळ मेमरी महाग आहे त्यावरचा. मला हे आवडलं. अडचणीत आलेला इंजिनिअर जास्त चांगलं डोकं लावतो असं माझं मत आहे, पीएस ३ च्या वेळी पैसा होता तेव्हा सेल बनवला आणि गेम बनवणाऱ्यांना त्यावर काम करताना घाम फुटला.

अंदाजाच्या चित्रावर नाक मुरडणारे पुष्कळ आहेत, 'खरे पिक्सेल' वगैरे. मला त्याचं काही वाटत नाही. सोफ्यावरून सात-आठ फुटांवरच्या टीव्हीत खरा पिक्सेल कोणता आणि अंदाजाचा कोणता हे ओळखणारा माणूस मला दाखवा, त्याला माझ्याकडून मिसळ. जिथे चुकतं तिथे मात्र डोळ्याला खुपतं, तारेचं कुंपण, झाडाची बारीक पानं, केस, पाऊस, अशा ठिकाणी किडे वळवळल्यासारखं दिसतं, आणि पीएसएसआर आला तेव्हा काही गेममध्ये हे बरंच होतं. ते सुधारत जाईल. फ्रेम जनरेशनबद्दल मात्र माझी कुरकुर आहे. दोन खऱ्या फ्रेमच्या मध्ये एक बनवलेली घुसवायची, दिसायला गुळगुळीत, पण तुमचं बटण गेमला कळतं ते खऱ्या फ्रेमच्याच वेळी, आणि मधली बनवायला पुढची खरी फ्रेम आधी रोखून धरावी लागते. म्हणजे दिसतं सेकंदाला ६० फ्रेम आणि हाताला लागतं ३० किंवा त्याहूनही जड. गोष्टीच्या गेममध्ये चालेल, फायटिंगमध्ये किंवा शूटिंगमध्ये नाही चालणार. आणि पुढच्या कन्सोलच्या जाहिरातीत '१२० फ्रेम' लिहिलं असेल तेव्हा त्यातल्या किती बनवलेल्या हे कोणी छापणार नाही, हे आत्ताच लिहून ठेवा.

लोकांना खरंच काय पाहिजे हे सोनीला माहिती आहे. प्रो दाखवताना सर्नीनेच सांगितलं की मोड निवडायला दिला की जवळपास तीन चतुर्थांश वेळा लोक परफॉर्मन्स (चित्र थोडं साधं, फ्रेम जास्त) निवडतात. म्हणजे रे ट्रेसिंग गेलं तरी चालेल, ६० फ्रेम द्या. ३० फ्रेमला एक चित्र काढायला ३३ मिलिसेकंद मिळतात, ६० ला साडेसोळा. आणि ह्यात जीपीयू एकटाच नसतो, रस्त्यावरच्या गाड्या, माणसं, फिजिक्स हे सगळं सीपीयूकडे असतं, तिथे अपस्केलर काही करू शकत नाही. जीटीए ६ वर सगळे डोळे लावून बसलेत, १९ नोव्हेंबर २०२६ तारीख दिलीये, दुसरा ट्रेलर साध्या पीएस ५ वरच घेतला होता असं तो बनवणाऱ्या रॉकस्टारने सांगितलं, दिसायला डोळे दिपवणारा आहे. पण तो कन्सोलवर ६० ला चालेल असं मला वाटत नाही, प्रो वर सुद्धा नाही, कारण प्रो चा सीपीयू तोच पीएस ५ मधला एएमडीचा जुना झेन २ आहे, फार तर १० टक्के वर ढकललेला. पुढच्या कन्सोलमधला सीपीयू हीच माझ्या दृष्टीने ग्राफिक्सपेक्षा मोठी गोष्ट आहे, आणि त्याबद्दल उत्साहाने कोण बोलतंय? कोणीच नाही, कारण सीपीयूचा स्क्रीनशॉट काढता येत नाही.

रे ट्रेसिंगचा खरा फायदा कोणाला ते पण जरा वेगळंच आहे. खेळणाऱ्याला डबक्यात दुकानाची पाटी दिसली, ठीक आहे, दोन मिनिटं बघतो आणि पळत सुटतो. पण बनवणाऱ्याचा खूप वेळ वाचतो. जुन्या पद्धतीत खोलीतला उजेड आधीच गणित करून भिंतीवर जणू रंगवून ठेवतात, एक दिवा हलवला की परत गणित, तासन्‌तास थांबा. किरण खरेच सोडले तर दिवा हलवला की लगेच दिसतं. म्हणून काही गेम आता रे ट्रेसिंगशिवाय चालतच नाहीत, इंडियाना जोन्सचा २०२४ चा गेम तसाच आहे, ते बंद करायचं बटणच नाही. पुढच्या पिढीत हेच सर्रास होणार.

आणि ह्याचीच खरी गरज आहे कारण पैसा चिपमध्ये जेवढा जातोय त्याच्या कैक पट माणसांवर जातोय. सोनीच्या लास्ट ऑफ अस २ ह्या गेमला २२ कोटी डॉलर लागले आणि होरायझनच्या दुसऱ्या भागाला २१ कोटींच्या वर, हे २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या कोर्ट केसमध्ये कागद नीट न झाकल्यामुळे बाहेर आलं (मार्करने खोडलं होतं आणि स्कॅनमध्ये वाचता आलं, बोला). कन्सोल दहापट ताकदीचा केला तरी त्याला खाऊ घालायला तेवढे मॉडेल, तेवढे चेहरे, तेवढी टेक्स्चर कोणीतरी बसून बनवायला लागतात. आपल्या पुण्या-मुंबईलाही ह्याचा चटका बसलाय. यूबिसॉफ्टच्या पुणे आणि मुंबई स्टुडिओकडे प्रिन्स ऑफ पर्शियाचा रिमेक होता, सप्टेंबर २०२० मध्ये ट्रेलर आला आणि जगभरातून ग्राफिक्सवर टीका, हा काय पीएस ३ चा गेम आहे का वगैरे, आणि २०२२ मध्ये काम मॉन्ट्रियलला गेलं. त्याच २०२० मध्ये ऑगस्टला पुण्याच्याच नॉडिंग हेड्सचा राजी आला, छोटी टीम, आणि आला तो आधी कशावर, तर तेव्हाच्या सगळ्यात कमी ताकदीच्या स्विचवर. वरून बघणारा कॅमेरा, जुन्या मिनिएचर चित्रांवरून घेतलेले रंग, आणि तो आजही डोळ्याला छान वाटतो. ग्राफिक्स म्हणजे काय ह्यावर वाद घालणाऱ्याने हे दोन्ही ट्रेलर एकापाठोपाठ एक बघावेत.

मायक्रोसॉफ्टचं मला अजून नीट कळत नाही. जून २०२५ मध्ये त्यांनी एएमडीबरोबर पुढच्या बऱ्याच वर्षांचा करार जाहीर केला, म्हणजे हार्डवेअर येणार आहे, पण त्यांचे फोर्झा आणि गिअर्स हे गेम पीएस ५ वर आले, हेलोही येणार असं २०२५ मध्ये जाहीर झालं, आणि एक्सबॉक्सचं नाव असलेलं हातातलं मशीन आलं ते आसूसचं, आत विंडोज. स्टीम हे पीसी गेमचं ऑनलाइन दुकान चालवणाऱ्या वॉल्व्हने नोव्हेंबर २०२५ मध्ये स्टीम मशीन जाहीर केलं तेही असंच, टीव्हीखाली ठेवायचा पीसी. म्हणजे कन्सोल आणि पीसी ह्यांच्यातली भिंत त्या बाजूने पडतेय. सोनी आणि निन्टेन्डोला मात्र ती भिंत पाहिजे आहे.

आपल्यासाठी ह्या सगळ्यात एक वेगळीच गंमत. पीएस ५ प्रो नोव्हेंबर २०२४ मध्ये जगभर आला तेव्हा भारतात आलाच नाही, आणि कारण किंमत नाही, वाय-फाय! त्यातला वाय-फाय ७ जो ६ गिगाहर्ट्झचा पट्टा वापरतो त्याला आपल्याकडे तेव्हा परवानगी नव्हती. निन्टेन्डो तर अधिकृतपणे भारतात विकतच नाही, स्विच २ पण दुबईहून येणाऱ्या कोणाच्या तरी बॅगेतून किंवा ग्रे मार्केटमधून, वॉरंटी देवाच्या भरवशावर.

पण मला जास्त काळजी डिस्कची आहे. प्रो मध्ये डिस्क ड्राइव्ह काढला, वेगळा घ्यायचा तर ८० डॉलर. एक्सबॉक्सचा सिरीज एस पहिल्यापासूनच बिनडिस्कचा. स्विच २ ची काही कार्डं अशी येतात की कार्डात गेमच नसतो, नुसती चावी, गेम डाउनलोड करा. महाग चिपमधून वाचवायला जागा शिल्लक नसली की ज्या गोष्टीला फिरणारी मोटर आहे ती आधी जाते, पुढच्या पिढीत ड्राइव्ह खोक्यातच मिळेल असं मला वाटत नाही. आणि आपल्याकडे नवा मोठा गेम ४,९९९ ला घेऊन कितीजण खेळतात? लॅमिंग्टन रोडला वापरलेली डिस्क घ्यायची, संपवायची, ओएलएक्सवर किंवा व्हॉट्सॲप ग्रुपवर दुसरीशी बदलायची, वर दोन-पाचशे द्यायचे, ह्याच्यावरच आपलं गेमिंग चाललंय. डाउनलोड केलेला गेम कोणाला देता येत नाही, विकताही येत नाही. तेव्हा आत्ता जर कोणी पीएस ५ घेत असेल आणि दुकानदार डिजिटलवाला पाच-दहा हजार स्वस्त म्हणून गळ्यात मारत असेल तर डिस्कवालाच मागा, ते पैसे चार-पाच डिस्कच्या अदलाबदलीत निघतात.